फुलमचा बिशपवाडा: फाटक उघडं, तिकीट नाही

टेम्सकाठी

उन्हाळा आला की आमच्याकडे भारतातून कुणी ना कुणी ज्येष्ठ मंडळी मुक्कामाला येतात. पहिल्या आठवड्यात राजवाडा, टॉवर ब्रिज, लंडन आय वगैरे उरकतं. मग प्रश्न पडतो की आता रोज न्यायचं कुठे? फार चालायला नको, बसायला बाकं हवीत, स्वच्छतागृह जवळ हवं. शिवाय माणशी तीस पौंडांचं तिकीट काढलं की मंडळी तिथेच उभ्या उभ्या रुपयांत हिशेब मांडतात.

अशा सगळ्यांसाठी एक जागा सुचवते. फुलम पॅलेस. नावात पॅलेस असला तरी हे लंडनच्या बिशपांचं घर. इ.स. ७०४ च्या सुमारास वाल्डहेअर नावाच्या बिशपांकडे ही जमीन आली. १९७३ मध्ये रॉबर्ट स्टॉपफर्ड निवृत्त झाले, ते इथे राहिलेले शेवटचे बिशप. म्हणजे साडेबाराशे वर्षांहून जास्त काळ एकाच गादीकडे असलेली जागा. १९७५ मध्ये चर्चने ती स्थानिक कौन्सिलला भाडेपट्ट्याने दिली आणि २०११ पासून एक न्यास कारभार बघतो. बाग रोज उघडी, घरातलं छोटं संग्रहालयही उघडं, आणि कशालाच तिकीट नाही.

कसं जायचं: डिस्ट्रिक्ट लाइनवर पटनी ब्रिजला उतरा. नदीकाठाने बिशप्स पार्कमधून रमतगमत गेलात तरी दहा मिनिटं. हे पार्कसुद्धा मूळचं बिशपांच्याच जमिनीतलं, १८९३ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. पुढे सरळ चालत राहिलात तर फुलम क्लबचं फुटबॉल मैदान लागतं, त्यामुळे सामन्याच्या दिवशी जाऊ नका.

आत शिरल्यावर आधी ट्यूडर काळातला (सोळाव्या शतकाच्या आसपासचा) विटांचा चौक लागतो. लाल विटांत गडद विटांची चौकटीची नक्षी, मध्ये कारंजं. मागच्या बाजूला गेलात की घर एकदम वेगळंच दिसतं, साधं जॉर्जियन (अठराव्या शतकाच्या धाटणीचं), पुढ्यात मोठी हिरवळ. ज्या बिशपाला जे आवडलं ते त्याने बांधलं आणि आधीच्याचं न आवडलेलं पाडलं, असं एकूण प्रकरण आहे. हिरवळीपलीकडे भिंतीआडची बाग. ट्यूडर कमानीतून वाकून आत जायचं. विस्टेरियाचा मांडव (मे महिन्यात गेलात तर नशीबवान), काचघर, भाज्यांचे वाफे, सफरचंदाची झाडं. सासरे कृषी खात्यातून निवृत्त झालेले. ते तिथल्या माळ्याशी कंपोस्टवर इतका वेळ बोलत होते की आम्ही चहा पिऊन परत आलो तरी दोघं तिथेच.

माझं मत विचाराल तर घर ठीक आहे. खोल्या बऱ्याचशा रिकाम्या, सामान फार नाही. बागेसाठी मात्र मी पुन्हा पुन्हा जाते. धर्मगुरूंची अशी जुनी घरं आणि बागा तुम्ही आणखी कुठे पाहिल्या आहेत? आणि जिथे अजून कुणी राहतंय अशी घरं लोकांना उघडावीत का? लिहा.

पाव_किलो

चहाचं काय ते आधी सांगा. बिशप नंतर.

टेम्सकाठी

@पाव_किलो, बिशपांच्या दिवाणखान्यातच उपाहारगृह आहे. मोठमोठ्या खिडक्या, समोर हिरवळ. स्कोन मिळतात. उन्हाचा दिवस असेल तर बाहेरच्या टेबलांसाठी थोडं ताटकळावं लागतं.

कुंडीतली_तुळस

मस्त धागा, ताई. मी रत्नागिरीची, लंडन फक्त फोटोत पाहिलंय. पण मागे कुठेतरी वाचलं होतं की युरोपातला पहिला मॅग्नोलिया याच बागेत वाढला. खरं आहे का? आपला सोनचाफा त्याच कुळातला ना? आमच्या दारात आहे म्हणून उत्सुकता.

बखरकार

@तुळस, बरोबर वाचलंत. सोनचाफा म्हणजे मॅग्नोलिया चंपाका, पूर्वी त्याला मिशेलिया म्हणत. फुलमला आला तो मॅग्नोलिया व्हर्जिनियाना, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या दलदलीतला. पांढरी, लिंबासारख्या वासाची फुलं. साल १६८८. चिनी-जपानी मॅग्नोलिया युरोपात यायला अजून बराच अवकाश होता.

तो आणणाऱ्या माणसाबद्दल लिहायलाच हवं, कारण या बागेचा खरा नायक तोच. बिशप हेन्री कॉम्प्टन, कारकीर्द १६७५ ते १७१३. अमेरिकेतल्या इंग्लिश वसाहतींमधली चर्च लंडनच्या बिशपाच्या देखरेखीखाली असत, तिकडे पाद्री पाठवायचे तर यांच्या संमतीने. आता पाद्री निवडताना बायबलसोबत झाडाझुडपांची परीक्षाही घेत असावेत असा संशय यावा, असा एक गडी त्यांना मिळाला. जॉन बॅनिस्टर. ऑक्सफर्डचा शिकलेला, १६७८ मध्ये व्हर्जिनियात पोचला. रविवारी प्रवचन आणि बाकीचे दिवस रानात. बिया, रोपं, वाळवलेले नमुने आणि चित्रं जहाजाने इकडे येत राहिली. १६९२ मध्ये अशाच एका रानातल्या मोहिमेवर सोबतच्या माणसाची गोळी चुकून लागून तो गेला.

इकडे कॉम्प्टनसाहेबांची वेगळीच गंमत चालली होती. १६८६ मध्ये राजा दुसरा जेम्स (कॅथलिक) याने हुकूम केला की आमच्या धर्माविरुद्ध प्रवचन देणाऱ्या अमुक पाद्र्याला निलंबित करा. कॉम्प्टननी नकार दिला. राजाने मग कॉम्प्टननाच निलंबित केलं. झालं, साहेब फुलमला येऊन बागेत रमले. घरात बसवलेला माणूस गप्प बसला असेल असं राजाला वाटलं असावं. १६८८ मध्ये हॉलंडच्या विल्यमला ‘या आणि राज्य घ्या’ असं पत्र गेलं, त्यावर सात सह्या होत्या, त्यातली एक यांची. जेम्स पळाला. १६८९ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपांनी नव्या राजाराणीचा राज्याभिषेक करायला नकार दिला तेव्हा मुकुट चढवला तोही कॉम्प्टननीच. आणि मॅग्नोलियाचं सालही १६८८!

जॉन रे या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांच्या झाडांच्या नोंदी करून ठेवल्या म्हणून आज आपल्याला कळतं की तिथे काय काय होतं. हजारभर विदेशी जाती होत्या असं सांगतात. कॉम्प्टन वारले आणि पुढच्या बिशपांना यात काडीचा रस नव्हता. झाडं उपटली, रोपवाटिकावाल्यांना विकली, भाजीपाल्याला जागा केली. न्यासाने अलीकडे जुन्या याद्या बघून त्यातल्या बऱ्याच जाती पुन्हा लावल्या आहेत. तेव्हा आज दिसतं ते जुनं झाड नसून जुनी यादी आहे, हे लक्षात ठेवूनच बघा. अपवाद एक जुनाट ओक, बारमाही हिरवा राहणाऱ्या जातीचा. तो पाचशे वर्षांचा असावा असं मानतात.

कुंडीतली_तुळस

बखरकार, दंडवत! भाजीपाल्यासाठी मॅग्नोलिया उपटला?! वाचून जीव हळहळला.

खडूस_आजोबा

हळहळ बागेपुरतीच का? वसाहतींची चर्च यांच्या हाताखाली, म्हणजे कॅरिबियन बेटांतली उसाची मळेवाली मंडळीही आलीच. गुलामांच्या घामावर चाललेल्या व्यवस्थेचा धर्मप्रमुख इथे बसून फुलं लावत होता, आणि आपण स्कोन खात ‘वा किती छान’ म्हणायचं. संग्रहालयात याबद्दल काही सांगतात की फक्त विस्टेरिया?

बखरकार

आजोबा, प्रश्न रास्त आहे. सांगतात, आणि तिथली सगळ्यात वाचण्यासारखी गोष्ट तीच आहे. बिशप बीलबी पोर्टियस, १७८७ ते १८०९. लंडनला येण्याआधी ते चेस्टरचे बिशप होते. तेव्हा, १७८३ मध्ये, चर्चच्याच परदेशी धर्मप्रसार संस्थेपुढे त्यांनी प्रवचन दिलं. या संस्थेच्या मालकीचे बार्बाडोसमध्ये कॉड्रिंग्टन नावाचे उसाचे मळे होते आणि त्यावर गुलाम राबत होते. पोर्टियसनी संस्थेला तिच्याच सभेत त्यावरून सुनावलं. संस्थेने लगेच काही केलं नाही, हेही सांगायला हवं. पुढे उमरावांच्या सभागृहात ते गुलामांच्या व्यापाराविरुद्ध बोलत राहिले आणि १८०७ मध्ये व्यापारबंदीचा कायदा झाला तो त्यांच्या हयातीतच. आपली पुस्तकं त्यांनी पुढच्या बिशपांसाठी ठेवली, त्यांच्या नावाचं ग्रंथालय याच वाड्यात झालं.

पण त्यांना संत करू नका. गुलामांना ‘धर्मशिक्षण’ द्यायची संस्था त्यांनीच काढली. मळेवाल्यांना न दुखावता सुधारणा कशी करता येईल, असाही एक विचार त्यांच्या डोक्यात कायम असे. मला तरी असा गुंतागुंतीचा माणूस त्याच्याच घरात उभं राहून समजून घ्यायला आवडतं.

आणि आजोबा, तुमच्याआमच्या मुंबईचाही धागा आहे. कंपनीच्या वखारींतल्या इंग्लिश पाद्र्यांना लंडनच्या बिशपाचीच मान्यता लागे. मुंबईच्या फोर्टातलं सेंट थॉमस १७१८ मध्ये उघडलं त्या काळात हिंदुस्थानात अँग्लिकन बिशप नव्हताच. कलकत्त्याला पहिला बिशप १८१४ मध्ये नेमला, मुंबईला १८३७ मध्ये. कलकत्त्याचा बिशप येईपर्यंत मलबार हिलच्या साहेबाच्या आत्म्याची अंतिम जबाबदारी फुलमला राहणाऱ्या माणसावर!

पाव_किलो

आत्म्याची जबाबदारी फुलमला, पोटाची मुदपाकखान्यातल्या खानसाम्यावर.

हिशेबनीस

मी इथे छोट्या धर्मादाय संस्थांचे हिशेब तपासतो (फुलमचे नाही), म्हणून तिकीट नसण्याकडे माझं आधी लक्ष गेलं. फुकट म्हणजे कुणीतरी दुसरा भरतोय. अशा ठिकाणी साधारण चार नळ असतात: लग्नं आणि समारंभांना जागा भाड्याने देणं, उपाहारगृह, आवारातल्या इमारती भाड्याने, आणि लॉटरी निधीसारखी (इथल्या राष्ट्रीय लॉटरीच्या पैशातून मिळणारी) मोठी अनुदानं. फुलमची दुरुस्ती तीन टप्प्यांत झाली. पहिला टप्पा २००५-०६ चा, मग २०१०-११ ला भिंतीआडची बाग वगैरे, आणि शेवटचा संपून २०१९ च्या मे महिन्यात घर पुन्हा उघडलं. प्रत्येक टप्प्याला लॉटरीचा मोठा हातभार. शिवाय स्वयंसेवक. त्यांच्याशिवाय बाग एक हंगामही टिकणार नाही.

यातली मेख अशी की अनुदान दुरुस्तीला मिळतं, रोजच्या गवतकापणीला मिळत नाही. त्यामुळे शनिवारी लग्न असलं की एखादी खोली बंद दिसते. कुरकुर करू नका. तो नवरदेव तुमचं तिकीट भरतोय.

टेम्सकाठी

@हिशेबनीस, हे वाक्य मी आता प्रत्येक पाहुण्याला ऐकवणार.

आणि मूळ लेखात लिहायचं राहिलं होतं: खंदक! पॅलेसच्या सगळ्या आवाराला खंदक होता, जवळजवळ मैलभर लांबीचा, राहत्या घराभोवतीचा इंग्लंडमधला सगळ्यात लांब असं सांगतात. १९२० च्या दशकात तो बुजवला. आता प्रवेशाजवळ थोडा भाग उकरून दाखवलाय. मूळ आवार ३६ एकरांचं, आज बागेकडे १३ उरलेत. बाकीच्यात पार्क आहे आणि अलॉटमेंट्स, म्हणजे लोकांना भाजी पिकवायला दिलेले तुकडे. पहिल्या महायुद्धात सुरू झाले, आज चारशेहून जास्त आहेत.

खडूस_आजोबा

हां, हे मात्र आवडलं. बिशपाच्या कुरणात लोकांचे बटाटे.

वेल्सकर

उशिरा आलो. मी ब्रिस्टलजवळ राहतो, त्यामुळे नावाप्रमाणे वेल्सची बाजू मांडतो. (वेल्स देश नव्हे, सॉमरसेटमधलं वेल्स गाव.) तिथला बिशप्स पॅलेस बघितला नसेल तर फुलम विसरा. तेराव्या शतकातली इमारत, भोवती पाण्याने भरलेला खराखुरा खंदक, आत १४ एकर बाग आणि बागेत जिवंत झरे. १४५१ मध्ये बिशप बेकिंग्टननी या झऱ्यांचं जास्तीचं पाणी गावाला दिलं आणि ते आजही हाय स्ट्रीटच्या कडेच्या पन्हळीतून वाहतं. खंदकातले हंस खिडकीखालची घंटा दोरीने ओढतात आणि खायला मागतात. १८५० च्या दशकात बिशप ईडन यांच्या मुलीने त्यांना शिकवलं म्हणतात, तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या चालू.

बखरकारांसाठी खास: हे ईडन म्हणजे ज्या लॉर्ड ऑकलंडने गव्हर्नर जनरल असताना पहिलं अफगाण युद्ध लढून फौज घालवली, त्याचे सख्खे भाऊ. एका भावाने काबूल घालवलं, दुसऱ्याच्या घरी हंस घंटा वाजवतात.

अजून एक. बागेत मोठ्या दरबारगृहाचे भग्न अवशेष आहेत. ते बघून लोकांना वाटतं लढाईत पडलं असेल. तर नाही. सोळाव्या शतकात छपराचं शिसं विकून खाल्लं, आणि १८२० च्या दशकात बिशप लॉ यांनी उरलेल्या भिंतीही आणखी पाडल्या, कारण तेव्हा बागेत रम्य भग्नावशेष असण्याची फॅशन होती!

पण मुख्य मुद्दा धागाकर्तीच्या दुसऱ्या प्रश्नाचा. वेल्सला बिशप अजूनही राहतात. वाड्याच्या एका भागात त्यांचं घर, दुसरा भाग आणि बाग तिकीट काढून लोकांना. यावरून दहाएक वर्षांपूर्वी मोठं रण माजलं होतं. २०१३ च्या शेवटी चर्चच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या कमिशनरांनी ठरवलं की पर्यटकांमुळे खासगीपणा राहत नाही, तेव्हा नव्या बिशपांनी वाड्यात राहू नये. त्यासाठी क्रॉसकोम गावातलं एक जुनं रेक्टरी (गावच्या पाद्र्याचं) घर ९ लाख पौंडांना घेतलंसुद्धा. गाव खवळलं. सह्यांची मोहीम, सभा, पत्रं. २०१४ मध्ये चर्चच्याच समितीने निर्णय फिरवला आणि बिशप वाड्यात राहायला आले.

मी गावकऱ्यांच्या बाजूचा. आत कुणी राहत असेल तर ते घर, नाहीतर मग प्रदर्शन.

हिशेबनीस

त्या कमिशनरांना रोखठोक प्रश्न विचारायला हवा होता: आधी घर घेऊन मग सल्लामसलत, हा कुठला क्रम?

पाळकाची_पोर

एरवी मी फक्त वाचते, पण या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही. माझे वडील पाळक होते, नगर जिल्ह्यात. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून नगरला काम सुरू केलं, त्या काळातल्या मिशन कंपाउंडांपैकी एकात आमचं बालपण गेलं. कौलारू बंगला, पुढे लांबलचक व्हरांडा, मागे चिंच, सीताफळ, विहीर. बिशपांच्या वाड्यापुढे काहीच नाही. पण राहणाऱ्याला जे भोगावं लागतं ते तेच.

आमचं घर कधी ‘उघडायला’ लागलंच नाही, कारण ते बंद कधी नव्हतंच. पहाटे कुणी प्रार्थनेसाठी, दुपारी कुणी भांडण मिटवायला, रात्री कुणी मयताची बातमी घेऊन. मंडळीतल्या बायका सरळ स्वयंपाकघरात. आईने कधी तक्रार केली नाही, पण आमच्या घरी आतल्या खोलीचा पडदा कायम ओढलेला असे आणि त्या पडद्याच्या आत कुणी यायचं नाही हा एकच नियम होता. वेल्सकर, तुम्ही म्हणता आत कुणी राहत असेल तर ते घर. मान्य. पण मग त्या राहणाऱ्याला पडदा पाहिजे. गावाला बिशप वाड्यात दिसायला हवा असतो. त्याची मुलं सकाळी शाळेचे डबे भरताना खिडकीशी पर्यटक असतील, याचा विचार गाव करत नाही.

दुसरं, बागेचं. पाळकाची बदली होते. आईने लावलेली मोगऱ्याची रांग, शेवगा, सगळं पुढच्या पाळकांना. नव्या माणसांनी शेवगा तोडला असं नंतर कळलं (त्यांच्या बाजूने, घराला धोका होता म्हणे). बखरकारांनी कॉम्प्टनच्या बागेचं लिहिलं ते वाचून मला मॅग्नोलियाइतकंच त्याच्या माळ्याचं वाईट वाटलं. धर्मगुरूच्या घरची बाग कुणाच्याच मालकीची नसते, म्हणून तिची कुणी यादीसुद्धा ठेवत नाही. कॉम्प्टनची ठेवली गेली, कारण बघायला जॉन रे आला.

माझं उत्तर विचारलंत तर: बाग उघडा, व्हरांडा उघडा, कचेरी आणि प्रार्थनागृह उघडा. राहत्या खोल्यांना हात लावू नका. आणि बिशप सोडून गेला असेल तर खुशाल अख्खं घर उघडा.

टेम्सकाठी

@पाळकाची_पोर, लिहित्या व्हा हो. या धाग्यावरचा सगळ्यात चांगला प्रतिसाद. आईंच्या बागेवर वेगळा लेख लिहा ना.

वेल्सकर

+१. पडद्याचा मुद्दा पटला. वेल्सपुरतं सांगतो, वाट आखलेली आहे, बिशपांच्या भागाकडे जाता येत नाही. पण खिडक्या दिसतात, हे खरं.

गोंयकार

देव बरें करूं सगळ्यांचं. धर्मगुरूंच्या घरांचा विषय आणि पोपचं घर अजून कुणी काढलं नाही?

रोमजवळ कास्तेल गांदोल्फो. पोपांचं उन्हाळी निवासस्थान, तलावाच्या कड्यावर. सगळं आवार ५५ हेक्टर, म्हणजे अख्ख्या व्हॅटिकनपेक्षा मोठं. आत बागा, रोमन सम्राट डोमिशियनच्या वाड्याचे अवशेष, आणि गाईंचा गोठा! पोप फ्रान्सिस तिथे सुट्टीला राहिलेच नाहीत. २०१४ मध्ये त्यांनी बागा उघडल्या आणि २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये पोपच्या खोल्यांचंही संग्रहालय केलं. पोपचं शयनगृह तुम्ही दोरीच्या अलीकडून बघू शकता. १९४४ मध्ये आसपास बॉम्ब पडत होते तेव्हा बाराव्या पायसने हजारो निर्वासितांना आत घेतलं होतं आणि त्याच शयनगृहात बायका बाळंत झाल्या. त्या खोलीपुढे मी बराच वेळ थांबलो. बाकीच्या सोनेरी खुर्च्या कुठेही दिसतात.

आता पाळकाच्या पोरीचा मुद्दा तिथे कसा सुटला बघा. नवे पोप लिओ २०२५ च्या जुलैत सुट्टीला तिथे गेले, पण मुख्य वाड्यात परतले नाहीत. आवारातच व्हिला बार्बेरिनी आहे, तिथे राहिले. वाडा लोकांकडेच राहिला. गावातल्या दुकानदारांनाही दोन्ही हवं होतं: वाड्यामुळे बारमाही पाहुणे आणि चौकात अधूनमधून खराखुरा पोप.

आमच्याकडे पणजीत आल्तिन्योवर आर्चबिशपांचा वाडा आहे, तिथे आर्चबिशप राहतात, तो काही बघायला जायची जागा नाही. जुन्या गोव्यात चर्चच्या वस्तू बघायच्या तर सांता मोनिका मठातलं ख्रिस्ती कला संग्रहालय बघा. ते आधी राशोलच्या सेमिनरीत होतं, नंतर इथे हलवलं.

हिशेबनीस

पैशांच्या बाजूने तिसरा नमुना राहिलाच: ऑकलंड कासल. उत्तरेत, डरमच्या बिशपांचं घर. (वेल्सकरांच्या लॉर्ड ऑकलंडशी गल्लत नको, ही बिशप ऑकलंड गावातली जागा.) तिथल्या जेवणाच्या दालनात स्पॅनिश चित्रकार झुर्बारानची याकोब आणि त्याच्या बारा मुलांची माणसाएवढी चित्रं आहेत. १७५६ मध्ये बिशप ट्रेव्हरनी बारा विकत घेतली. तेरावं, बेन्यामिनचं, दुसऱ्याने नेलं, म्हणून त्याची नक्कल करून लावली. आदल्याच काही वर्षांत ज्यूंना नागरिकत्व सोपं करणारा कायदा लोकक्षोभामुळे मागे घ्यावा लागला होता. ट्रेव्हर त्या कायद्याच्या बाजूचे. म्हणून जेवायला येणाऱ्या प्रत्येक बड्या माणसासमोर इस्रायलच्या बारा कुळांचे मूळपुरुष उभे केले, असा त्याचा अर्थ लावतात.

तर २०१० मध्ये चर्चने ही चित्रं विकायला काढली. जोनाथन रफर नावाच्या गुंतवणूकदाराने दीड कोटी पौंड मोजले, ते चित्रं तिथून हलवू नयेत म्हणून. पुढे वाडाही न्यासाकडे आला, बिशप दुसरीकडे राहायला गेले, २०१९ च्या नोव्हेंबरात डागडुजी होऊन पुन्हा उघडला. एका माणसाच्या खिशावर गाव उभं करायचा हा प्रयोग आहे. खाणी बंद पडलेल्या भागात काम आलं, हे चांगलं. पण तिकीट आहे, आणि शेजारच्या गल्लीतला माणूस संध्याकाळी सहज डोकावून जात नाही. फुलमला तो जातो, कुत्र्यालाही घेऊन जातो. माझं मत फुलमला.

खडूस_आजोबा

हिशेब तपासणारा माणूस फुकटाच्या बाजूने. नोंद घेतली आहे.

अनवट_वाट

लॅम्बेथचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. कँटरबरीच्या आर्चबिशपांचं लंडनमधलं घर, पार्लमेंटच्या समोर नदीपलीकडे, तेराव्या शतकापासून. आर्चबिशप अजून तिथे राहतात, म्हणून घर रोज उघडं नसतं. बाग मात्र उन्हाळ्याच्या महिन्यांत ठरावीक दिवशी उघडतात. तारखा आणि तिकीट बघूनच जा. दहाएक एकर. भिंतीशी अंजिराचं प्रचंड झाड आहे. कार्डिनल पोलने १५५६ च्या सुमारास लावलेल्या अंजिराचा वंश. फळ पांढरट हिरवं असतं.

आजोबांना आवडेल अशी गोष्ट: याच वाड्याचं एक मोठं कुरण एकोणिसाव्या शतकात आसपासच्या गरीब वस्तीतल्या मुलांना खेळायला मोकळं होतं. १९०१ मध्ये ते कायमचं सार्वजनिक उद्यान झालं, आजचं आर्चबिशप्स पार्क. बखरकारांनी कलकत्त्याच्या पहिल्या बिशपाचं लिहिलं. ते मिडलटन. त्यांचा दीक्षाविधी १८१४ मध्ये याच वाड्यातल्या चॅपेलमध्ये झाला.

फाटकाला लागूनच सेंट मेरीचं जुनं चर्च आहे, तिथे आता बागांचं संग्रहालय आहे. १९७० च्या दशकात ते पाडायलाच निघाले होते. आवारात ट्रॅडेस्कंट बापलेकांची कबर सापडली म्हणून वाचलं. दोघंही जगभरातली झाडं इंग्लंडात आणणारे माळी.

कुंडीतली_तुळस

ही लंडनची मंडळी एकेक झाडासाठी एकेक इमारत वाचवतात की काय! बरं, माझा व्यावहारिक प्रश्न: तो व्हर्जिनियाचा मॅग्नोलिया कोकणात येईल का? कुणी येताना बिया आणल्या तर?

बखरकार

बिया बॅगेत टाकून आणायच्या नाहीत. परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो, विमानतळावर काढून घेतील. शिवाय त्याला ओली जमीन चालते, पण हिवाळ्यातली थंडी हवी. रत्नागिरीत जगला तरी फुलेल याची खात्री नाही. बॅनिस्टरच्या काळी विमानतळ नव्हता, ही त्याची सोय होती.

पाळकाची_पोर

टेम्सकाठी, मी पुढच्या महिन्यात लेकीकडे रेडिंगला येतेय. फुलमला गुडघेदुखीवाल्या माणसाला जमेल का?

टेम्सकाठी

जमेल ताई! आवार सपाट आहे, वाटा बऱ्या आहेत, बाकं भरपूर. भिंतीआडच्या बागेत खडीची वाट आहे तेवढी जपून. स्टेशनपासून चालायचं नसेल तर फुलम पॅलेस रोडवर बस थांबते.

तुम्ही आलात की एक छोटा कट्टाच करू. शनिवार नको, हिशेबनीसांच्या नवरदेवांची गर्दी असते. रविवारी सकाळी अकराला पटनी ब्रिज स्टेशनबाहेर. कोण कोण येतंय ते इथेच लिहा. डबे आणा, बिशप्स पार्कमध्ये नदीकडे तोंड करून खाऊ. अनवट, लॅम्बेथच्या बागेच्या तारखा मिळाल्या तर टाक.

पाव_किलो

मी येतोय. डब्यात काय आहे ते आधी कळवा.

खडूस_आजोबा

मीही. पोर्टियसच्या खोलीत बखरकार दहा मिनिटांपेक्षा जास्त बोलले तर मी बाहेर अलॉटमेंट्स बघत बसेन.